अर्धा सेकंद

बोहरी आळीत, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानांमध्ये,
जिन्याखाली माझं साडेचार फूट.
आज टेबलावर दोन क्रोनोग्राफ उघडे पडलेत,
पाठी उतरवून बशीत ठेवल्यात.

एक रेसकोर्सवरच्या अर्देशीर मिस्त्रींचा.
पहाटेच्या धुक्यात घोडा सहा फर्लांग पळतो,
तेवढं पळणं अंगठ्याने मोजायचं.
त्यात कॉलम व्हील. मसुरीएवढं चाक, त्यावर सहा खांब.
तरफेची चोच खांबावर टेकली की थांब,
दोन खांबांमधल्या पोकळीत पडली की चल.
बटण दाबाल तेव्हा चाक एक दात पुढे.
सुरू करा, थांबवा, पुन्हा सुरू करा,
बोटाला तीच टक्,
तेल दिलेली कडी सरकावी तशी.
हे चाक अख्ख्या पोलादातून कोरावं लागतं.
ते बिघडलं तर मी गिऱ्हाइकाला आधी पाणी देते,
मग किंमत सांगते.

दुसरा शेंडकरांचा.
चिंचवडच्या कारखान्यात, टाइम स्टडीत, एकतीस वर्षं.
त्यात कॅम.
पत्र्यातून प्रेसने कापलेल्या चकत्या, एकावर एक,
खांब नाहीत, नुसते कडेचे चढउतार.
इकडे ढकलली की चालू, तिकडे ढकलली की बंद.
सुरू करताना कात्रजचा घाट,
थांबवताना उतार.
जाणकार नाक मुरडतात. मुरडोत.
लोखंडाचा कीस, घामट हात, दोनदा फरशीवर पडणं,
एवढं सोसून हा चालत आलाय.

शनिवारी आले होते. पायरीवरच उभे राहिले.
"सफाई करा, तेल द्या.
पण बटण हलकं करू नका."

का, विचारलं तर म्हणाले,
"प्रेस शॉपला गेनू लांडगे होता.
पत्रा सरकवायचा, पेडल, वॉशर उचलायचा, पुन्हा पत्रा.
मी मागे, हातात पॅड.
वरचे साहेब म्हणायचे, शेंडकर,
तुमच्या वेळा कायम अर्ध्या सेकंदाने लांब.
मी म्हणायचो, बटण जड आहे साहेब,
थांबवायला उशीर होतो.
अर्ध्या सेकंदात पाळीला तीनएकशे नग कमी धरायचे.
गेनू पाणी प्यायला जाऊ शकायचा.
आता नातू म्हणतो, आजोबा, एवढं जड का?
म्हटलं, राहू दे."

मी भिंग डोळ्याला लावलं.
कॅम झिजलाय, पण झिजायचा तिथेच.
बटण दाबलं. सुरू: जड.
पुन्हा दाबलं. थांब:
अलगद. लहान मुलानेही थांबवावं असं.

मग आणखी तीनदा दाबून पाहिलं, उगीच.

कॅमचं जडपण सुरुवातीला असतं.
शेवटाला नसतंच.
हे वरच्या साहेबांना माहीत नव्हतं.
मिस्त्रींचं घड्याळ हातात असतं
तर ही सबब एक दिवस टिकली नसती,
तिथे दोन्ही वेळा तीच टक्, शपथेवर साक्ष दिल्यासारखी.

मी मान वर केली.
शेंडकर समोरच्या दुकानात टांगलेल्या बिजागऱ्या
मोजत असल्यासारखे बघत होते.
मी म्हणाले, "हो, जड आहे खरं."

दोन्हींच्या पोटात एक तुकडा मात्र सारखा,
पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा.
काटा कुठेही असो,
बदामावर हातोडी पडली की शून्यावर येतो.
खांब असोत की कॅम, त्याला फरक पडत नाही.
त्यावर तेल घालायचं नसतं.
शिकाऊ पोरं नेमकी तिथेच घालतात.

पावतीवर लिहिलं:
सफाई, तेल. बटण आहे तसं.
अठराशे.
ते म्हणाले, "शंभर कमी करा."
नेहमीसारखं "फिक्स आहे" म्हणायला तोंड उघडलं,
आणि थोडा उशीर झाला.