बोट किती झालं?

लिहायला भलतंच, म्हणायला कीथली.
या गावातली आमची शाखा शुक्रवारी बंद होतेय.
पुढे सगळं फोनवर. फोन नसेल, तर ब्रॅडफर्डला जा.

मंगळवारी रॉय हॉल्डस्वर्थ आले.
प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, पासबुकाला रबरबँड,
आणि त्यांचा दर एप्रिलातला प्रश्न, या वेळी मार्चमध्येच:
"बोट किती झालं?"

चौऱ्याहत्तर साली लोकर पिंजायच्या यंत्रानं
त्यांची उजवी तर्जनी घेतली,
गिरणीनं दोनशे पौंड दिले.
ते त्यांनी एकरकमी इथं आणून ठेवले,
जसे मिळाले तसे, पाकिटासकट.

पहिल्या वर्षी चौदा पौंड व्याज.
दुसऱ्या वर्षी पंधराला दोन पेन्स कमी.
वरचे अठ्ठ्याण्णव पेन्स आले कुठून,
हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं,
एकोणतीस वर्षांनी मी समजावलं:
तुमचे चौदा पौंडही कामाला लागले, मिस्टर हॉल्डस्वर्थ,
दोनशेच्या हाताखाली.

माझे बाबा इचलकरंजीच्या पतपेढीत होते.
बोटांच्या पेरांवर शिकवायचे:
सात टक्क्यांनी दहा वर्षांत दुप्पट, दहानं सातात.
अट एकच, हात लावायचा नाही.

रॉयनी लावला नाही.
गिरणी बंद पडली तेव्हा नाही,
छप्पर गळलं तेव्हा नाही.
त्या वर्षांत दर चढे होते,
बोट वर्षाला पेर-पेर वाढायचं.
मग दर पडले. मी दोन पौंड चढवायचे,
एकदा एक पौंड ब्याण्णव.
ते पासबुक उजेडात धरून म्हणायचे,
"नख वाढलं."

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत
ते पैसे काढायची चिठ्ठी भरून आले होते.
मॉरीनला बहिणीकडे जायचं होतं, हॅलिफॅक्सला,
आपल्या बसनं जातो त्या नव्हे, कॅनडातल्या.
मी बाबांची मुलगी.
म्हटलं, दोनच महिने थांबा,
वर्षाचं व्याज बुडेल, सत्याऐंशी पौंड.
त्यांनी चिठ्ठीची घडी केली, खिशात घातली,
वर मलाच थँक्यू म्हणाले.

एप्रिलात सत्याऐंशी पौंड आले.
मॉरीन नव्हती.

त्यावर ते कधी बोलले नाहीत, मीही नाही.
आमच्याकडे जुना दामदुपटीचा नियम होता,
व्याजानं मुद्दलाच्या वर जायचं नाही.
शहाण्या माणसांनी केला असणार.
माझ्या त्या एका वाक्याला सोळा वर्षं
कुणी हात लावलेला नाही.

"दोन हजार एकशे त्रेपन्न," मी म्हटलं.
"दहापटीच्या वर झालं."
त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं.
"बारा पेन्सचा पाव काल मी एक वीसला घेतला.
म्हणजे एकच बोट.
अठ्ठेचाळीस वर्षं सांभाळलं
आणि जेवढ्यास तेवढं."
हसले. दात नवे होते, हसू जुनंच.

मग म्हणाले, सगळे काढायचेत.
बहीण आहे अजून, ब्याऐंशीची,
फोनवर मॉरीनसारखीच खोकते.
तिकीट नातवानं पाहून ठेवलंय.

मी नोटा मोजल्या, तर्जनीनं, सवयीनं.
मग लाज वाटून पुन्हा मोजल्या, अंगठ्यानं.
त्यांनी मधलं बोट जिभेला लावलं
आणि आपल्या चालीनं मोजत बसले,
मागे रांग खोळंबली तरी.

निम्म्यावर थांबले.
"आज काढले तर व्याज किती बुडेल?"

पडद्यावर आकडा होता, पेन्सापर्यंत.
मी पडदा थोडा माझ्याकडे वळवला.

"काही नाही," म्हटलं.
"काहीच बुडत नाही. जा तुम्ही."