कमावत्या व्यक्ती

दरवर्षी मार्चमध्ये हा फॉर्म मीच भरते.
आईचं अक्षर रकान्याबाहेर जातं.

रामटेकडी, सी इमारत, चौथा मजला.
भाडं सत्तावीसशे, त्यात सरकारी सवलत अठराशे,
आपण भरायचे नऊशे.
मासिक उत्पन्न?
आई सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये पोळ्या लाटते,
पोळीमागे दीड रुपया.
परीक्षा जवळ आली की मुलं कमी जेवतात,
पुढे ढकलली की गावी जातात,
मे महिन्यात लाटणं कोरडंच.
पण चौकोन बारा, आणि सगळे सारखे.
मी सरासरी काढते.
सरासरीइतकं आम्ही
कुठल्याच महिन्यात जेवलेलो नाही.

यंदा खाली एक ओळ जास्तीची.
जानेवारीपासून मी लॅबमध्ये
रक्ताच्या ट्यूबवर नावं चिकटवते,
तिथं एका अक्षराची चूक चालत नाही.
दोघींची बेरीज केली. परत केली.
मर्यादेच्या वर गेलो आम्ही,
तीनशे चाळीस रुपयांनी.

खिडकीतले सोनटक्के माणूस चांगला.
पेनाचं टोपण लावत हळूच म्हणाले,
"मुलीची ओळ राहू द्या रिकामी, मावशी.
नाहीतर वेगळी राहते म्हणा, मामाकडे वगैरे."

मामा आहे कुठे मला?
तरी मी हो म्हणणार होते.
नऊशे ही ओळखीची रक्कम होती,
कुठल्या डब्यातून किती, सगळं पाठ.

आईने फॉर्म माझ्यापुढून ओढला.
"साहेब, सोळा वर्षं या रकान्यात मी एकटीच आहे.
हिचे वडील होते तेव्हासुद्धा.
आत्ता कुठे सोबत आलीय."

आणि लिहिलं, स्वतः.
ऐश्वर्यातला र्या जमला नाही,
तिने र वेगळा काढला, या वेगळा.
'खुडे' तर सरळ जाऊन बसलं
'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी'च्या चौकटीत.

सोनटक्क्यांनी चष्मा वर केला.
"झेरॉक्स जोडा," एवढंच म्हणाले.

जिना उतरताना तिचा हिशेब सुरू झाला:
अठराशे म्हणजे बाराशे पोळ्या.
रोजच्या चाळीस.
"पहाटे जरा लवकर उठलं की झालं."
मी म्हटलं, आणि तुझं मनगट?
ती पुढे गेली होती,
झेरॉक्सवाल्याला सांगत होती, दोन काढ.

एक ऑफिसला.
दुसरी तिने घडी न घालता
बसमध्ये अख्ख्या वाटेवर
दोन्ही हातांनी धरली.