तिसऱ्या गाण्यातला खोकला

फिरमिननं पाव पोखरून आत मायक्रोफोन बसवला होता.
बेकरीवालाच तो. दारावरच्या माणसानं पाव दाबून पाहिला,
ताजा आहे म्हणाला, आणि सोडलं आत.
गेंट शहर, बाहत्तरचा डिसेंबर, गोदीजवळचं नाचघर.
मंचावर कोल्ड फेरी.
त्यांच्या तबकड्या तेव्हा घरोघरी होत्या,
आणि त्या रात्री, का कोण जाणे,
कुठल्याच तबकडीवर नसलेलं एक गाणं
ते वाजवून बसले.
नाव नाही त्याला. आम्ही 'तिसरं' म्हणतो.

तिसऱ्यात, दुसऱ्या कडव्यानंतर
गिटार क्षणभर थांबते, आणि तेवढ्यात
कुणी बाई खोकते.
दोनदा. मग एक छोटा,
आल्या वाटेनं परत गेलेला.

फिरमिनच्या फितीवरून एकानं उतरवून घेतली,
त्याच्याकडून दुसऱ्यानं, दुसऱ्याकडून बोटीवरच्या कुणी.
दर उतरवणीला गाणं एक पाऊल मागे सरकलं,
धुवून धुवून कॉलरवरचं नाव जावं
तसे शब्द गेले.
राहिली खरखर, पावाच्या कवचाची करकर,
आणि खोकला.
तीच आमची कसोटी:
दोन मोठे सगळ्यांकडेच असतात.
तिसरा, छोटा, ऐकू आला
तर फीत अस्सल.

मी ट्रामचे ब्रेक दुरुस्त करतो. चाकाला काय दुखतंय
ते मला डोळे मिटून कळतं.
ओसाकाहून मागवलेल्या फितीपायी अर्धा पगार गेला
तेव्हा बायको म्हणाली, "एका खोकल्यासाठी?"
मी म्हणालो, "तीन."
त्या आठवड्यात आमचं बोलणं तेवढंच.

मग कंपनीला जाग आली.
जाड पुठ्ठ्याची पेटी, सात चकत्या, फोटोंचं पुस्तक,
वर ठळक अक्षरांत: प्रथमच, शुद्ध स्वरूपात.
मी तिसरं लावलं.
दुसरं कडवं संपलं, गिटार थांबली,
आणि काहीच नाही.
फोटो काढायच्या आधी
घरातल्या आजारी माणसाला उठवून
आतल्या खोलीत नेऊन बसवावं, तशी शांतता.

फिरमिनला विचारलं. त्याला ऐकू येत नाही आता,
पाटीवर लिहावं लागतं.
"ती होय? कोट सांभाळायची. गोडलीव."
माझी पंचवीस वर्षं, आणि त्याला ते
पहिल्यापासून ठाऊक होतं.
"मग बोलला का नाहीस?"
त्यानं पाटी पुसून परत दिली.

लेडबर्गला, तिसऱ्या मजल्यावर, ऐंशीच्या घरातली बाई.
सहाशे ओले कोट, म्हणाली,
लोकरीचा वाफाळता वास, खिडकी उघडायची मनाई.
बँडचं नाव? नव्हतं माहीत.
मी यंत्र टेबलावर ठेवलं. मसाल्याच्या डब्या
तिनं जराशा बाजूला केल्या.

गिटार थांबली.
फितीवर बाई खोकली, आणि या खोलीत हिचा हात
तोंडाकडे गेला,
पन्नास वर्षं उशिरा.

"हे दोन माझे नाहीत."
मी काहीच बोललो नाही.
"हे रॉझाचे. तो शेवटचा, दाबलेला, तो माझा.
मालक मागे उभा होता ना.
रॉझाला कुणाची भीती नव्हती.
तिच्याकडूनच लागला मला तो खोकला.
माझा बरा झाला."

खाली कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं.

"परत लाव. गाणं नको. तेवढंच."
तेवढंच लावलं. मागे, पुढे, मागे,
बोटाला बटणाची सवय होईपर्यंत.
अकराव्या की बाराव्या खेपेला माझा हात चुकला,
गिटार पुढे वाजत गेली,
जगात चाळीसएक माणसं जिच्यासाठी जीव टाकतात
ती गिटार.

"आवाज कमी कर त्यांचा," ती म्हणाली.
"रॉझा ऐकू येत नाही."