मागच्या दारातला आवाज

इंडिगो मरिना, डिझेल, दोन हजार पाच सालची.
पाठीमागं डिकी नाही, अख्खी एक खोली.
शेजारच्या गंगव्वा तिला उद्दन गाडी म्हणतात,
आमचा धाकटा म्हणतो, शेपटीत बसायची गाडी.
नंबर एमएच शून्य नऊ. मुक्काम संकेश्वर.

एजंटानं धुऊन, पुसून, उदबत्ती लावून दिली होती.
हिरण्यकेशीचा पूल ओलांडला, ब्लोअर लावला
आणि सहाच्या सहा माणसं शिंकायला लागली.
आधीचा मालक गडहिंग्लजचा, मिरचीचा व्यापारी,
मागची सीट पाडून पोती भरायचा.
दोनदा शाम्पू, एकदा खायचा सोडा,
आठ दिवस दारं उघडी टाकून ऊन दाखवलं.
मिरची गेली नाही.
पाहुणे शिंकले की आता आम्ही म्हणतो, होईल सवय.

चालवते मी.
हे शेजारी बसून पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबतात.
तवंदी घाटात काटा वर सरकला
की आमची भांडणं आपोआप थांबतात.
एसी बंद. हीटर चालू.
मे महिन्यात, भर दुपारी, हीटर.
इंजिनाचा ताप आम्ही आमच्या अंगावर घेतो,
मिरचीसकट.

दस्तगीर मेस्त्री माझ्याशी मराठीत बोलतात,
हाताखालच्या मल्लेशीशी कन्नडात,
इंजिनाशी उर्दूत,
आणि बोल्ट निघाला नाही की तिन्हींत.
माझ्या वहीत त्यांच्या अक्षरात लिहिलंय:
टायमिंग बेल्ट आत्ताच बदला ताई, मागनं रडू नका.
बदलला. रडले बिलाला.

सगळं सापडायचं त्यांना, एक सोडून.
चाक खड्ड्यात गेलं की मागं कुठंतरी ठक्.
शॉकअब्सॉर्बर बदलले, बुश बदलले,
जॅक जुन्या टॉवेलात गुंडाळून बघितला.
एकदा मल्लेशी मागं आडवा झाला कान लावून
आणि मी बाजारातनं हायवेपर्यंत मुद्दाम खड्डे गाठत गेले.
डावीकडं, म्हणाला. मग म्हणाला, उजवीकडं.
मग झोपला.

पंधरा वर्षं उलटली तशी कागदांची वेळ आली.
खिडकीतल्या माणसानं विचारलं, याव ऊरदु?
म्हटलं, संकेश्वरची.
आणि कागद?
कागद तिकडचे.
त्यानं मान हलवली, रागानं नाही,
दिवसातनं दहांदा हलवायची मान असते तशी.
मालकाची सही आणा.

मालक वारले होते.

कलावतीबाई कोरींनी न वाचताच सह्या केल्या
आणि अनवाणीच अंगणात आल्या.
मागचं दार आधी उचलायचं, मगच खटका दाबायचा,
हे मी सांगणार तोवर
त्यांनी उचललं, दाबलं.
आत वाकल्या. शिंकल्या. पदरानं डोळे पुसले.
मिरचीच असेल. मी विचारलं नाही.

ठक् वाजतंय का अजून?

मी नुसतीच बघत राहिले.

आमच्या म्हांतूनं गोट्या टाकल्यात काचेच्या फटीतनं.
एवढासा होता. ह्यांनी उद्या काढू, उद्या काढू करत
तशाच ठेवल्या बघा.
म्हांतू आता पुण्यात असतोय. दोन गाड्या हायत त्याच्याकडं.
एकीचाबी आवाज येत नाही.

दस्तगीरांनी दाराचं पॅनल खोललं.
तीन गोट्या. दोन हिरव्या, एक तडकलेली.
आमच्या चार हजार आठशे रुपयांकडं बघून
ते पहिल्यांदाच कुठल्याच भाषेत काही बोलले नाहीत.

नवा नंबर बसला. जुन्या प्लेटची भोकं
दोन स्क्रूंच्या शेजारी अजून उघडी आहेत.
गोट्या साबणानं धुतल्या.
गडहिंग्लजला जाईन तेव्हा देऊन येईन
म्हणून पुढच्या कप्प्यात ठेवल्या, त्याला वर्ष झालं.

आता ठक् पुढनं येतं.
हे दचकून ब्रेक दाबतात.