झेल

सकाळी साडेसहाला मैदानावर फक्की मारते मी,
कोपरखैरण्यात, पाण्याच्या टाकीमागे.
रेघ वाकडी जाते. जाऊ दे.
तिच्यावरून पोरांना चालायचंय, मला नाही.

क्लबनं कागद दिलाय, त्यावर सहा रकाने:
धावणं, उडी, लंगडी, तोल, फेक, झेल.
नावासमोर बरोबरची खूण, नाहीतर फुली.
'हळूहळू' असा रकाना नाही,
म्हणून मी पेन्सिल वापरते.

अद्वय धावतो तेव्हा त्याचे हात धावत नाहीत,
दप्तराचे बंद धरल्यासारखे छातीशी.
मिस्बाह लंगडी घालते, तर तिसऱ्याच उडीला
दुसरा पाय हळूच विचारतो, येऊ का?
आणि निर्वी.
चेंडू माझ्या हातून सुटला की निर्वी डोळे मिटते.
हात पुढे, ओंजळ तयार, सगळं सांगितल्याप्रमाणे,
फक्त ती स्वतः तिथे नसते.

घाबरू नकोस, असं एकदाच म्हणाले तिला.
असं म्हणून कुणाची भीती गेलीय?

चेंडू पिशवीत टाकला. ओढणी काढून उडवली.
ओढणीला घाई नसते,
ती हवेत विचार करत करत खाली येते.
निर्वीनं ती डोक्यावर झेलली, तोंडावर झेलली,
एकदा नुसत्या कोपरावर.
पुढच्या आठवड्यात फुगा.
तो खाडीच्या वाऱ्यानं पळवला,
सगळी पोरं ओरडत त्याच्यामागे,
आणि अद्वयचे हात सुटले, चक्क सुटले.
कागदावर खूण करायची मी विसरले.

आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.
बोनकोड्याच्या शेतात बांधावरून
आईची भाकर घेऊन जायचे मी,
पाय घसरला तर कालवण चिखलात
आणि धपाटा पाठीत.
त्याला तोल म्हणतात, हे मला
पस्तिसाव्या वर्षी प्रशिक्षणाच्या वर्गात कळलं,
पडद्यावर, बाणाच्या खुणेसकट.
त्या बांधावर आता सोळा मजले आहेत.
रडगाणं नाही गात. सोळाव्या मजल्यावरचीही पोरं येतात माझ्याकडे;
मांडी सोडून उठताना
त्यांना दोन्ही हात टेकावे लागतात.

निर्वीचे बाबा माथाडी, कांदा-बटाटा मार्केटात.
एका रविवारी कुंपणाशी उभे होते.
पोरं ओट्यावरून उड्या मारत होती,
धप्प, धप्प, सगळी टाचांवर.
चपला काढून ते आत आले.
"आवाज आला म्हणजे हाडानं झेललं," म्हणाले,
"गुडघ्यानं झेला."
आणि ओट्यावर चढून स्वतःच उडी टाकली.
पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारा माणूस
मांजरासारखा उतरला.
पोरं क्षणभर गप्प,
मग अख्खं मैदान मांजरांचं.
माझ्या कागदावर उडी एका रकान्यात होती,
झेल दुसऱ्या.

परवा वर्ग सुटल्यावर कोन गोळा करून
माथाडी चाळीवरून निघाले.
निर्वी खाली, सायकलपाशी.
पहिल्या मजल्यावर तिची आई, कणकेचे हात,
"किल्ली राहिली गं, घे,"
आणि सोडलीच तिनं, घुंगरासकट.

निर्वी वर बघत होती.
बघतच राहिली.
गुडघे किंचित वाकले,
छन्न.

आई केव्हाच आत गेली होती, तव्यावर पोळी होती.
निर्वीनं कुलूप काढलं आणि निघाली,
एक पाय अजून जमिनीला घासत.
काय झालं ते तिला ठाऊकच नाही.

कागद काढला मी, कानामागची पेन्सिल काढली,
रस्त्यात उभी राहिले थोडी.
मग फुली तशीच राहू दिली.
सोमवारी पुन्हा चेंडू टाकणार आहे तिच्याकडे.
मिटलेच डोळे, तर मिटू देत.