पट्टा डावीकडे सरकतो

सुरतेहून आलं. पार्सल हापिसातून
रिक्षात मांडीवर धरून आणलं.
मांडीवर, कारण मागे तीन पोती मिरची होती
आणि रिक्षावाला म्हणे, ठेवा आबा पोत्यांवर, काही होत नाही.
होतं.
दोंडाईच्यात जे मिरचीवर ठेवाल ते आठवडाभर शिंकतं.

खोक्यात थर्माकोल, थर्माकोलात हिरवट लोखंड.
काट्यावर घालून पाहिलं, सोळा किलो.
खोक्यावर अठरा लिहिलंय.
दोन किलोंचं काय झालं, विचारायचं कोणाला?
पट्टा चार इंची, चकती सहा इंची,
आणि भुसा झेलायला एक पिशवी,
नातीच्या दप्तरातली पेन्सिलींची पिशवी हिच्यापेक्षा मोठी.

शेजारचा हिलाल टेलर उंबऱ्यातूनच,
"कितलाले पडनं?"
खरा आकडा सांगितला तर तो हसेल,
खोटा सांगितला तर गोजर आतून खरा सांगेल.
मी बटण दाबलं.

आवाज गिरणीपेक्षा बारीक,
भुंग्यापेक्षा हट्टी.
आणि पट्टा लगेच डावीकडे सरकायला लागला,
सायकल शिकणारं पोर जातं तसा,
ज्या बाजूला खड्डा त्या बाजूला.
बाजूचा स्क्रू पाव वेढा फिरवला,
तर उजवीकडे.
पावाच्या निम्मा मागे.
थांबला.
जेवून आलो तर परत डावीकडे.

पहिला पाट सागाचा. सवयीने दाबला,
करपला.
काळा डाग, तव्यावर विसरलेल्या भाकरीचा असतो तसा.
तेव्हा कळलं, याला जोर नकोय.
चाळीस वर्षं मी जोरच तर शिकलो होतो.
इथे लाकूड नुसतं टेकवायचं,
झोपलेल्या पोराचा ताप बघताना
हात जेवढा टेकतो तेवढं.

दुसरा पाट दोन मिनिटांत झाला.
मी घड्याळ हलवून पाहिलं.
ठोकळ्याला काचपेपर गुंडाळून हाच पाट
मला सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत पुरायचा,
मध्ये कितीतरी माणसं आठवून व्हायची.
दोन मिनिटांत कोण आठवणार?

बाहेर खाटेवर बिबडे वाळत होते.
गोजरने एक उचलला, फुंकला,
आणि माझ्याकडे न बघता यंत्राला म्हणाली,
"हाऊ भुसा आते कोन खाई?"
यंत्र गप्प. मी पण.

रेशनच्या दुकानातल्या डबीवर
माझा अंगठा उमटत नाही, तीन वर्षं झाली.
दुकानदार म्हणतो पुसा, फुंका, ओला करा, परत लावा.
रेघाच नाहीत.
ऐंशी नंबर, दीडशे नंबर, दोनशेवीस नंबर,
लाकडासोबत मीही घासला गेलो,
कुणाच्या चौकटीत, कुणाच्या पाळण्यात,
पार शहाद्यापर्यंत गेल्यात माझ्या रेघा.
घरात गहू येतो तो गोजरच्या अंगठ्यावर.

नात म्हणाली, आता हे घासेल ना आबा,
मग तुमच्या रेघा परत उगवतील?
मोबाइलमध्ये बघून सांगू?
मी म्हटलं, नको.

संध्याकाळी चकतीने करंगळीचं नख नेलं,
अर्ध्या गव्हाएवढं.
दुखलं नाही. बघितलं तर
तिथे नुसतं काही नव्हतं.
म्हणजे ओळख झाली.

रात्री प्लग काढून
पाटावरून हात फिरवला, डोळे मिटून, पंजाच्या पाठीने,
कारण बोटांना आता बारीकसारीक कळत नाही.
मधोमध एक लाट आहे.
बसणाऱ्याला कळणार नाही,
वाढणाऱ्याला तर नाहीच.
मला झोप लागेना.
उठून परत दिवा लावला, स्क्रू पाव वेढा फिरवून ठेवला,
यंत्र बंद असताना, काही उपयोग नसताना.

पुढच्या आठवड्यात रेशन येतं.
लावून बघीन अंगठा.
उगीच.