माशाची वाट पाहणे

वहीत मी दोन रकाने आखलेत.
डावीकडे गे बाईंची बत्तीस पवित्र्यांची तलवार,
उजवीकडे दुआन म्हाताऱ्याची चोपन्न.
सदतीस वर्षं लुओयांगच्या बेअरिंग कारखान्यात
मी पोलादी गोळ्या तपासल्या.
मायक्रॉनभर फरक पडला तरी गोळी नापास.
निवृत्त झाले, पण
डोळ्याची खोड निवृत्त होत नाही.

पहाटे साडेपाच. लुओ नदीचा काठ.
पॉप्लरखाली आम्ही अकरा जणी आणि एक दुआन.
गे बाई आकडे म्हणतात: सात. आठ. पाठ सरळ. नऊ.
सायकलच्या कॅरिअरला त्यांचा स्पीकर बांधलेला.
दुआन नावं घेतो, तीही घशातल्या घशात,
कुणी मागितली तरच:
चोचीत चिखल धरलेली पाकोळी.
वाऱ्याने गुंडाळलेलं कमळाचं पान.
गवत सारून साप शोधणे.
माशाची वाट पाहणे.

बाकीचे जमले. हा शेवटचा काही
माझ्या गळाला लागेना.

फरशा मोजल्या.
त्याच जागी गे बाईंचं पाऊल दोन फरशा लांब,
दुआनचं जेमतेम पाऊण.
टोक तेवढंच खाली, गोंडा तसाच मनगटावरून सुटलेला,
डाव्या हाताची दोन बोटं तशीच कपाळाशी.
फक्त पाऊल आखडलेलं.
पाऊणच का?

रात्री उजव्या रकान्यात लिहिलं:
पाण्यावर सावली पडू नये म्हणून.
मग लिहिलं: मासा बिचकू नये म्हणून.
मग, चहा गार झाल्यावर:
जो कमी सरकतो, तो जास्त ऐकतो.
हे वाक्य मला इतकं आवडलं
की खाली रेघ ओढली. पट्टीने.

नोव्हेंबरात धुकं दाटलं, गे बाईंना पडसं झालं,
त्या दिवशी दुआनला गाठून विचारलं.
तो थर्मासचं गरम पाणी पीत होता.
खारकेची बी थुंकली. म्हणाला,
"बॉयलरची खोली."

म्हणजे?

"तेव्हा हे उघड्यावर करायची सोय नव्हती.
काका रात्रपाळीला असायचा. तिथेच शिकवलं.
तलवार कुठली, कोळसा ढकलायची सळई.
पुढ्यात पाइप. तापलेला.
पाऊल लांब पडलं की गुडघा भाजायचा."
पाटलोण वर करून त्याने डाग दाखवला.
वालाच्या दाण्याएवढा, गुळगुळीत.

मग इथे, नदीवर, एवढं मैदान असताना
लांब का नाही टाकलंस?

त्याने नदीकडे पाहिलं नाही.
आपल्या पायापुढच्या पाऊण फरशीपलीकडे पाहिलं.
"पाइप आहे की अजून."

घरी आले. रेघ ओढलेल्या वाक्यावर दुसरी रेघ ओढली.
मग ते खोडलेलंच वाचत बसले.
नापास गोळ्यांसाठी आमच्याकडे लाल डबा असायचा.
हे वाक्य त्यात टाकायला हात होईना.

एप्रिलमध्ये लुआन आली,
नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची, रात्रपाळी संपवून थेट.
तलवार नव्हती. माझी जुनी दिली, घडीची,
झटका दिला की खट्कन लांब होणारी,
पिशवीत छत्रीशेजारी मावणारी.
माझ्या मागे उभी राहते. चांगलं उचलते.
चोपन्न दिवसांत चोपन्न.

एकदा वळताना तिच्याकडे लक्ष गेलं.
माशाची वाट पाहताना ती मध्येच थबकली,
हनुवटी किंचित आत,
ओठ मिटलेले, टोक पाण्याच्या दिशेने,
एक, दीड, आणि मग पुढे.
असं ना गे बाई थांबतात ना दुआन.

"काकू, या थांबण्यात श्वास आत घ्यायचा की बाहेर?"

मी म्हटलं, अगं, तो माझा डावा गुडघा आहे.
दोन वर्षं झाली, तिथे आला की अडतो.
दात चावून पुढे न्यावा लागतो.
तू कशाला थांबतेस?

ती हसली. सॉरी म्हणाली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबली.

तिचा गुडघा बावीस वर्षांचा.
त्यात काहीच कुरकुरत नाही.
मी नीट ऐकलं.